शेपटावरून ओळखलेले हेलिकॉप्टर

२ मे २०११ रोजी मध्यरात्रीनंतर पाकिस्तानातील अबोटाबाद शहरात अमेरिकी नौदलाच्या कमांडो सैनिकांनी ओसामा बिन लादेन याच्या निवासस्थानावर छापा घातला. त्यांना घेऊन आलेल्या दोन हेलिकॉप्टरांपैकी एक आवारात उतरताना कोसळले. त्या अपघातात कोणी दगावले नाही. परत जाण्यापूर्वी सैनिकांनी ते यंत्र स्फोटकांनी नष्ट केले. परंतु त्याचे शेपूट भिंतीबाहेर पडल्यामुळे वाचले. त्याची छायाचित्रे लवकरच जगभर प्रसिद्ध झाली आणि विमानविद्येचे जाणकार चकित झाले. असे शेपूट त्यांच्या परिचयाच्या कोणत्याही हेलिकॉप्टरास नव्हते.

अशा अनोळखी यंत्राची ओळख कशी पटवावयाची? यंत्राचा प्रत्येक भाग काही कामासाठी घडविलेला असतो. म्हणून त्या भागाचे काम कोणते आणि त्याचा आकार का बदलला असावा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने त्याचे धड फिरू पाहते. न्यूटनने सांगितलेली क्रिया आणि प्रतिक्रिया ती हीच. धड स्थिर राखण्यासाठी शेपटावर एक लहान पंखा बसवितात. हा पंखा लहान असल्यामुळे त्यास पुष्कळ वेगाने फिरावे लागते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या ‘ब्लॅक हॉक’ हेलिकॉप्टरचा चार पात्यांचा मुख्य पंखा मिनिटास सुमारे २५८ फेरे घेतो, तर शेपटावरील चार पात्यांचा पंखा सुमारे १,१९० फेरे घेतो. म्हणजे हवेला बसणारे पात्यांचे ठोके पहिल्या पंख्याचे सेकंदास सुमारे १७, तर दुसऱ्याचे सुमारे ७९ होतात. सेकंदास २० हून कमी कंपने असलेला ध्वनी मनुष्यास सहसा ऐकू येत नाही. मुख्य पंख्याच्या आवाजातील वरची कंपने ऐकू येतात, हे खरे. तरीही शेपटाच्या पंख्याचा स्वर कानास अधिक सहज जाणवतो.

आता अबोटाबाद येथील छायाचित्रांकडे वळू. तेथील पंख्यास चारांहून अधिक पाती दिसत होती. पाती वाढविली की प्रत्येकीवरील भार कमी होतो, आणि पंखा सावकाश फिरवूनही तेवढाच जोर मिळविता येतो. पात्यांच्या टोकांचा वेग कमी झाला की आवाजही पुष्कळ उतरतो. ही युक्ती नवी नव्हती. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तर व्हिएतनाममधील विन्ह शहराजवळ दूरध्वनीच्या तारांवरील संभाषण चोरून ऐकण्याची यंत्रणा बसविण्यासाठी ‘ह्यूज ५०० पी’ हे हेलिकॉप्टर वापरले गेले. त्याच्या मुख्य पंख्यास चारांऐवजी पाच आणि शेपटाच्या पंख्यास दोनांऐवजी चार पाती होती.

दुसरी खूण म्हणजे पंख्याचा मध्यभाग झाकणारी तबकडी. नेहमीच्या पंख्याच्या मध्यभागी दांडे, सांधे आणि कोपरे उघडे असतात. रडारच्या लहरी त्यांवर आदळून पुन्हा रडारकडे परततात. झाकण घातले, पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि काटकोन टाळले, म्हणजे त्या लहरींचा बराच भाग अन्यत्र वळतो. तेव्हा कानास आणि रडारास चुकविणे, असा या यंत्राच्या रचनेचा दुहेरी हेतू दिसतो.

मग हे हेलिकॉप्टर कोणते? काहींना प्रथम ‘कोमांची’ हे नाव आठवले. रडारास चुकविण्यासाठी आखलेल्या या हेलिकॉप्टरचे दोनच नमुने बनले होते आणि २००४ मध्ये ती योजना रद्द झाली. पण कोमांचीच्या शेपटाचा पंखा कड्यात बसविलेला होता. येथे तसे कडे नव्हते. शिवाय कोमांचीत दोघांचीच जागा होती, तर अबोटाबादेस दोन हेलिकॉप्टरांतून वीसांहून अधिक सैनिक आले होते. सैन्यवाहू ब्लॅक हॉक मात्र ह्या कामास योग्य आकाराचे होते. म्हणून त्याच जातीचे हेलिकॉप्टर बदलून हे बनविले असावे, असा निष्कर्ष निघाला. मोहिमेतील सैनिकांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या हकीकतींनीही त्यास दुजोरा दिला.

तथापि या पद्धतीस मर्यादाही आहेत. छायाचित्रांवरून पाती पाच की सहा, याविषयी जाणकारांत मतभेद राहिले. सबंध हेलिकॉप्टरचे जे चित्र अनेकांनी रेखाटले, त्यात धडाचा आकार कल्पनेने भरलेला होता. कारण धड तर जळून गेले होते. शेपूट त्याच महिन्यात पाकिस्तानने अमेरिकेस परत केले. जे शेपटावर दिसले, ते निरीक्षण. त्यावरून ब्लॅक हॉकचे नाव काढले, ते अनुमान. आणि उरलेले चित्र ही केवळ कल्पना. अशी चित्रे पाहताना वाचकाने हा भेद ध्यानी ठेवावा.