सोळा सामन्यांचे अजिंक्यपद

2020 साली धुळवड 10 मार्चला आली आणि गुढीपाडवा 25 मार्चला. या दोन सणांमधल्या पंधरवड्यात देशातील सार्वजनिक जीवन प्रथम साशंक झाले, मग आक्रसले आणि अखेरीस सरकारी हुकुमाने बंद पडले. धुळवडीच्या संध्याकाळी बंगालमधील कल्याणीच्या मैदानावर जे हजारो लोक खांद्याला खांदा भिडवून उभे होते, त्यांपैकी प्रत्येकास पाडव्याच्या सकाळी विनाकारण घराचा उंबरठा ओलांडण्याची मनाई होती. आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या तेराव्या हंगामास विजेता लाभला तो याच पंधरवड्यात, आणि तो हंगाम अर्धवट राहिला तोही याच पंधरवड्यात. या दोन घटनांचा क्रम पुष्कळांच्या स्मरणात उलटा झाला आहे, आणि कोलकात्याच्या मोहन बागान क्लबला अजिंक्यपद महामारीच्या कृपेने मिळाले, हा जो समज अधूनमधून कानी येतो, त्याचे मूळ या घोळात आहे. म्हणून त्या हंगामाकडे पुन्हा एकदा सावकाश पाहणे मला अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय साखळी स्पर्धेची परंपरा 1996 ची. 2007 पासून ती आय-लीग या नावाने चालू झाली. तिच्या पूर्वार्धात कोलकात्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, दबदबा गोव्याचा होता. आय-लीगची पहिली सहा अजिंक्यपदे डेम्पो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय संघांनी आपसांत वाटून घेतली. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनेही 2005-06 साली जुन्या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले होते. तो संघ पुढे 2010 साली बरखास्त झाला. 2016 साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. इंडियन सुपर लीगच्या उदयानंतर आय-लीगचे महत्त्व ओसरत गेले, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये आशियाई महासंघाने मंजूर केलेल्या आराखड्याने पहिल्या क्रमांकाच्या लीगचा मान नव्या स्पर्धेस दिला. अशा पडत्या काळात 30 नोव्हेंबर 2019 रोजी अकरा संघांचा हा हंगाम सुरू झाला. श्रीनगरच्या थंडीपासून कोईमतूरच्या उन्हापर्यंत आणि आयझॉलच्या डोंगरापासून मडगावपर्यंत पसरलेली ही स्पर्धा, तिच्याकडे पैसा थोडा असला तरी, देशाचा नकाशा खऱ्या अर्थाने व्यापणारी होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

मोहन बागानचा प्रारंभ मुळीच आश्वासक नव्हता. आयझॉलला पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि 8 डिसेंबरला कल्याणीत, म्हणजे घरच्या मैदानावर, चर्चिल ब्रदर्सने त्यांना 4-2 असे हरवले. त्या संपूर्ण हंगामात मोहन बागानचा पराभव झाला तो एवढाच, आणि तो करणारा संघ गोव्याचा होता, याची नोंद आपल्या बाजूच्या वाचकांनी आवर्जून ठेवावी. त्यानंतर किबू विकुन्या या स्पॅनिश प्रशिक्षकाने संघाची जी घडी बसवली ती शेवटपर्यंत विस्कटली नाही. मधल्या फळीत जोसेबा बेतिया चेंडू पायाशी ठेवून अवघ्या मैदानाचा अंदाज घेत असे. बचावात, पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेला आणि 2017 साली आयझॉलच्या अपूर्व अजिंक्यपदात वाटेकरी असलेला आशुतोष मेहता उजवी बाजू सांभाळत असे. आणि जानेवारीत दाखल झालेला सेनेगलचा बाबा दिवारा समोरच्या बचावपटूंस क्षणाची उसंत देत नसे.

त्या हंगामाचे मर्म मात्र जानेवारीच्या तीन दिवसांत साठलेले आहे. 16 जानेवारी 2020 रोजी एटीके या सुपर लीगमधील संघाच्या मालकांनी मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतील 80 टक्के हिस्सा घेतल्याचे जाहीर झाले. 1889 साली स्थापन झालेला आणि 1911 साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीस नमवून आयएफए शील्ड जिंकणारा हा क्लब पुढील हंगामात आय-लीगमध्ये नसणार, हे त्या दिवशी ठरले. आणि 19 जानेवारीला कोलकात्यातील सॉल्ट लेकच्या विस्तीर्ण क्रीडांगणावर ईस्ट बंगाल या शहरातल्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडली. अठराव्या मिनिटाला मणिपूरचा नोंगदंबा नाओरेम डाव्या बगलेने निघाला, आडवे आलेले बचावपटू एकामागून एक चुकवत रेषेपर्यंत पोहोचला, आणि तेथून त्याने गोलासमोर उचलून दिलेल्या चेंडूस बेतियाने फक्त मस्तक लावले. उत्तरार्धात बेतियाच्याच कॉर्नरवर दिवाराने हेडरने दुसरा गोल केला. ईस्ट बंगालच्या मार्कोसने एक फेडला, पण निकाल 2-1 असाच राहिला. आपल्या क्लबचे पुढे काय होणार या चिंतेने ग्रासलेल्या समर्थकांना त्या संध्याकाळी जो आनंद लाभला, तो केवळ तीन गुणांचा नव्हता.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात नाट्य कमी आणि सातत्य अधिक होते. धुळवडीच्या दिवशी कल्याणीत आयझॉलविरुद्ध मोहन बागानला एक विजय पुरेसा होता. एकोणऐंशी मिनिटे तो हुलकावण्या देत राहिला; ऐंशीव्या मिनिटाला बेतियाने बचावफळीच्या फटीतून चेंडू आत सरकवला आणि दिवाराने तो जाळ्यात धाडला. सोळा सामने, बारा विजय, तीन बरोबऱ्या, एक पराभव, गुण 39. प्रत्येक संघाच्या वाट्याला वीस सामने होते. आणि मागे असलेल्या दहांपैकी कोणीही उरलेले सर्व सामने जिंकले असते तरी 39 पर्यंत पोहोचू शकत नव्हते. अजिंक्यपदाचा निकाल लागला तो तेथे, गवतावर, प्रेक्षकांच्या साक्षीने.

पुढच्या चार दिवसांत सारे पालटले. 13 मार्चला राजकोट येथे सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस प्रेक्षकांविना खेळवण्यात आला. 14 मार्चला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला आणि एटीकेने चेन्नईयिनला 3-1 असे हरवले. पुढे ज्यांचे विलीनीकरण व्हायचे होते ते दोन्ही संघ अशा प्रकारे एकाच आठवड्यात विजेते झाले. 15 मार्चला सॉल्ट लेकवर हंगामातील दुसरा ‘बडो मॅच’, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना, व्हायचा होता. तो तहकूब झाला, स्पर्धाही तहकूब झाली, आणि पाडव्यास देशव्यापी टाळेबंदी आली.

18 एप्रिलला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीग समितीने हंगाम तेथेच संपवून मोहन बागानला विजेता घोषित करण्याची शिफारस केली, आणि थोड्याच दिवसांत कार्यकारिणीने तिला मंजुरी दिली. पदावनती रद्द झाली, उरलेल्या बक्षिसाची रक्कम इतर दहा संघांत समान वाटण्याचे ठरले. या निर्णयाची तुलना नेदरलँड्सशी करून पाहावी: तेथे अयाक्स आणि एझेड हे दोन संघ पंचवीस सामन्यांनंतर प्रत्येकी 56 गुणांवर बरोबरीत होते, आणि म्हणून अजिंक्यपद कोणासच दिले गेले नाही. तेथे खरोखरच प्रश्न अनिर्णित होता. आपल्याकडे समितीने मैदानावर आधीच लागलेल्या निकालावर केवळ शिक्कामोर्तब केले.

अन्याय झाला असेल तर तो इतरांवर. पंजाब आणि ईस्ट बंगाल 23 गुणांवर बरोबरीत होते, आणि रियल काश्मीर एक सामना कमी खेळून 22 वर होते. दुसऱ्या क्रमांकासाठीची ही चुरशीची झुंज कागदावरच गोठली. समान वाटणीत औदार्य होते हे खरे, परंतु तळाशी राहिलेला आणि वर चढत आलेला यांस एकच माप लावणे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. ईस्ट बंगालचे ते शताब्दी वर्ष होते, आणि जानेवारीतील पराभवाची परतफेड करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. विजेत्यांचीही दशा फारशी निराळी नव्हती: विमाने बंद असल्यामुळे विकुन्या आणि स्पॅनिश खेळाडू मे महिन्याच्या आरंभी कोलकात्याहून दिल्लीपर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा पल्ला बसने कापून युरोपकडे रवाना झाले, गळ्यात हार नाही, हाती करंडक नाही.

याच काळात बंगाली फुटबॉलचे दोन आधारस्तंभ कोसळले. 20 मार्चला पी. के. बॅनर्जी गेले आणि 30 एप्रिलला चुनी गोस्वामी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे चुनी हे कर्णधार. आयुष्यभर मोहन बागान सोडून अन्य क्लबचा सदरा त्यांनी अंगावर घातला नाही. मुंबईकरांना ते आणखी एका नात्याने ठाऊक आहेत: 1971-72 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व त्यांनीच केले होते. आपल्या क्लबचे पाचवे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्या हयातीत निश्चित झाले, एवढेच समाधान. एरवी ज्यांच्या अंत्ययात्रेस सारे कोलकाता लोटले असते, त्यांना टाळेबंदीत निरोप द्यावा लागला.

करंडक मोहन बागानच्या हाती आला तो 18 ऑक्टोबरला, सात महिन्यांनी. समर्थकांनी त्याची मिरवणूक काढली. त्याच आठवड्यात कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने पात्रता फेरी जिंकून आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन थोर क्लब ज्या दारातून बाहेर पडले त्याच दारातून तिसरा आत आला. तहकूब झालेला सामना कधीच खेळला गेला नाही. हे दोन प्रतिस्पर्धी पुन्हा समोरासमोर आले ते 27 नोव्हेंबर 2020 रोजी, वास्कोच्या टिळक मैदानावर, सुपर लीगमध्ये आणि प्रेक्षकांविना.

भारतीय फुटबॉलचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, 2019-20 च्या विजेत्यापुढे ‘महामारीमुळे घोषित’ अशी तळटीप त्यांनी जोडू नये, आणि अजिंक्यपदाची तारीख लिहावी ती एप्रिलमधल्या बैठकीची नव्हे, 10 मार्च 2020 ही.