एकच चित्रपट पाच दिवस का दाखवला?



गेल्या महिन्यात बालवर्ग आणि पहिलीच्या मुलांना आपण सोमवार ते शुक्रवार रोज सात मिनिटांचा एक चित्रपट दाखवला. पाचही दिवस तोच. बुधवारी सकाळी एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला फाटकातच गाठले. "बाई, परवा कार्टून, काल तेच कार्टून, आज म्हणे पुन्हा तेच. ही शाळा आहे का टॉकीज?" मला हसू आले, पण प्रश्न रास्त होता. पुढे पालक सभेतही तो निघाला, आणि चित्रपटाचा हा तास पुढील सत्रात ठेवावा की नाही याचा निर्णय विश्वस्त मंडळापुढे आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी घरी शिकले. तेव्हा कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

चित्रपट होता 'एक अनेक और एकता'. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना नाव वाचताच चाल आठवली असेल. ऐंशीच्या दशकात शेजाऱ्यांच्या घरी जमिनीवर बसून दूरदर्शनवर तो आम्ही कितीदा पाहिला याची मोजदाद नाही. दोन कार्यक्रमांच्या मध्ये तो अचानक लागे आणि खेळत असलेली मुले धावत येत. आम्ही त्याला चिडियावाली फिल्म म्हणायचो.

तो 1974 सालचा, फिल्म्स डिव्हिजनचा. तो बनवणाऱ्या विजया मुळे या मुंबईत जन्मलेल्या आणि पाटण्यात शिकलेल्या मराठी बाई. म्हणजे आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी आणि हिंदी दोन्हींत वावरलेल्या. संगीत वसंत देसाईंचे. गाण्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या जेमतेम पाच-सहा वर्षांच्या होत्या. चित्रे हलती केली ती भीमसेन यांनी, ज्यांनी पुढे 1977 मध्ये 'घरौंदा' काढला. हिंदी चित्रपट खरा, पण मराठी शाळेत परका नाही.

गोष्ट जुनीच आहे. पक्षी दाणे टिपायला उतरतात, शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकतात, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडून देतात. पंचतंत्र आणि हितोपदेश या दोन्हींत ती कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि हिरण्यक उंदीर यांच्या नावाने आहे.

आता पाच दिवसांविषयी. सोमवारी वर्ग शांत होता, इतका की बाईंनी मला येऊन सांगितले, मुलांना बहुतेक काही कळले नाही. मंगळवारी दोन-चार मुले चाल गुणगुणू लागली. बुधवारी, आजोबा फाटकात माझ्याशी बोलत होते त्याच दिवशी, एक मुलगा पडद्यावरचे पक्षी उडण्याच्या आधीच ओरडला, "आता उडणार!" गुरुवारी प्रश्न सुरू झाले. शुक्रवारी तर निम्मी मुले पडद्याकडे बघतच नव्हती. एकमेकांचे हात धरून, पंख हलवत, उंदीर होऊन कुरतडत होती. त्या दिवशी कुणी पाहुणा आला असता तर मुले कंटाळली असेच म्हणाला असता.

हे आपल्याच वर्गात घडले असे नाही. अमेरिकेत नोव्हेंबर 1969 मध्ये 'सेसमी स्ट्रीट' ही लहान मुलांची मालिका सुरू झाली. ती प्रसारित होण्यापूर्वीच संशोधक मुलांच्या प्रतिक्रिया टिपत होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला "आवडले का?" विचारून उपयोग नसतो, ते समोरच्याचा चेहरा पाहून हो म्हणते. म्हणून एडवर्ड पामर यांनी टीव्हीच्या शेजारी एक स्लाइडचा प्रोजेक्टर ठेवला. दर साडेसात सेकंदांनी त्यावर नवे चित्र यायचे. मूल टीव्ही सोडून तिकडे केव्हा वळते एवढेच लिहून घ्यायचे. मोठी माणसे नुसती बोलू लागली की मुले वळत. (शाळेच्या स्नेहसंमेलनातली आमची भाषणे आठवून मी ओशाळले.) त्याच वर्षी उन्हाळ्यात फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले, तेव्हा बाहुल्या नसलेल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत लक्ष सुटते असे दिसले. यातूनच जिम हेन्सन यांनी रस्त्यावर वावरणारा, आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी आणला, बिग बर्ड. तो आधी वेंधळा प्रौढ होता. त्याच्या वेषात काम करणारे कॅरल स्पिनी यांना वाटले की हा मूलच असावा, आणि तो सहा वर्षांचा झाला. न समजणारा, चुकणारा, विचारणारा.

याच मालिकेत जेम्स अर्ल जोन्स या नटाने एबीसीडी अगदी सावकाश म्हटली होती. पहिल्यांदा पाहताना मुले त्याच्यामागून अक्षर म्हणत. आणखी काही वेळा पाहिल्यावर अक्षर दिसताच, त्याच्या आधी. पुढेपुढे अक्षर पडद्यावर यायच्या आधीच. आपल्या मुलाचे "आता उडणार!" हे नेमके तेच. 1996 साली आलेल्या 'ब्लूज क्लूज' या मालिकेचा एकच भाग तर आठवड्याचे पाचही दिवस दाखवत. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पुन्हापुन्हा पाहून मुलांची समज वाढली आणि ती बोलून, उत्तरे देऊन अधिक सामील होऊ लागली. मोठ्यांना गोष्टीत पुढे काय होते यात रस असतो. लहानांना पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे याचाच आनंद असतो. रात्री तीच चिऊकाऊची गोष्ट मागणाऱ्या नातवंडांचा अनुभव प्रत्येक आजीला आहे, त्यासाठी अमेरिकेला जायला नको.

शुक्रवारच्या गोंधळाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी. 1979 मध्ये पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट करून 'सेसमी स्ट्रीट' दाखवले गेले. एका गटाच्या खोलीत खेळणी होती, दुसऱ्याच्या नव्हती. खेळणी नसलेल्यांनी 87 टक्के वेळ पडद्याकडे पाहिले, खेळणी असलेल्यांनी 44 टक्के. पण नंतर प्रश्न विचारल्यावर दोन्ही गटांना सारखेच समजले होते. तेव्हा मान कुठे वळली आहे यावरून मुलाला किती कळले ते ठरवू नये, वर्गातसुद्धा.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही दाखवला गेला. त्या वेळच्या मध्य प्रदेशातली रायपूर, बिलासपूर आणि दुर्गकडची गावेही त्यांत होती. सकाळी शाळेच्या वेळात मुलांचे कार्यक्रम लागत, आणि ते तयार करणाऱ्या केंद्राचे नेतृत्व याच विजया मुळे करत होत्या. समाजशास्त्रज्ञ त्या काळात काही गावांत राहून पाहणी करत होते.

आता आपल्या मुलांनी काय विचारले ते. बालवर्गातल्या एका मुलीला चित्रपट आवडला, पण तिची तक्रार होती, "कावळा कुठाय?" हिंदीत चिडिया म्हणजे कोणताही लहान पक्षी. मराठी घरातल्या मुलीच्या कानाला ती चिमणीच वाटली, आणि चिमणी आली की शेणाचे घर बांधणारा कावळा यायलाच हवा! पहिलीतल्या एकाने विचारले, "अनेक म्हणजे अनेकवचन का?" मी थबकले. मी शाळेत शिकले ते 'बहुवचन', त्यामुळे त्या गाण्यातल्या 'अनेक'ची आणि व्याकरणाची गाठ मला जन्मात पडली नव्हती. हिंदीत चिडिया, चिडियाँ. मराठीत चिमणी, चिमण्या. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन्ही भाषांची दोन-दोन रूपे लिहिली आणि मुलांनी पेन, वही, खिडकी, झाड असे वर्गातले सगळे अनेकवचनात म्हणून दाखवले. व्याकरणाचा तास ठरलेला नव्हता.

सगळ्यात अवघड प्रश्न गुरुवारी आला. "उडताना ते भांडले तर?" चित्रपटात याचे उत्तर नाही, आणि आम्हा मोठ्यांना 'एकता' हा शब्द इतका पाठ आहे की हा प्रश्न कधी सुचलाच नाही. उत्तर जातककथेत आहे. तिथे लावे पक्षी जाळ्यासकट उडून जात आणि काटेरी झुडपावर जाळे टाकून निसटत. मग एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागला, भांडण झाले, 'आता तूच उचल' असे सुरू झाले, आणि शिकाऱ्याने सगळे धरून नेले. ही गोष्ट सांगितल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "मग शिकाऱ्याकडे त्या दिवशी जेवण झालं." त्याचेही बरोबरच होते.

वर्गात पडदा लावून बाईंनी वह्या तपासत बसायचे असेल तर हा तास बंद केलेलाच बरा, असे मी मंडळाला लेखी कळवले आहे. बाई मुलांमध्ये बसणार असतील, तर महिन्यातून एक आठवडा, रोज सात-आठ मिनिटे, एवढीच माझी मागणी आहे. आजोबांना मी पुढच्या वेळी यायचे निमंत्रण दिले आहे. फक्त सोमवारी येऊ नका, शुक्रवारी या, असे सांगितले.

मुलांनी काढलेली चित्रे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली आहेत. बहुतेक चित्रांत उंदीर सगळ्या चिमण्यांपेक्षा मोठा आहे.