उष्टावणानंतरचे दीड वर्ष

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील अनेक गावांच्या शाळांत हजेरीपटावर रिकाम्या जागा दिसू लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी, गेवराई अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजण्याची रीत आहे. त्या कोयत्याबरोबर जाणारी लेकरे हिशेबात धरली जात नाहीत. गैरहजेरीचे कारण शिक्षक ‘स्थलांतर’ असे लिहितो व ते खोटेही नसते. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत त्या शब्दाआड पुष्कळदा आणखी एक कारण असते. आईबाप फडात असताना कोपीत किंवा बांधावरच्या झोळीत असलेल्या तान्ह्या भावंडाला कोणीतरी भरवावे लागते, आणि ते काम तिच्या वाट्याला आलेले असते. तान्ह्या मुलाच्या अन्नाचा विषय शाळेच्या पुस्तिकेत येण्याचे प्रयोजन हेच होय.

पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाखेरीज कशाचीही, पाण्याचीसुद्धा, गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून ही शिफारस निःसंदिग्धपणे केलेली आहे. सहा महिन्यांनंतर दूध कमी प्रतीचे होते असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे. दूध तेच राहते, मुलाची भूक वाढते. शिवाय जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा याच सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच थोडे असते. म्हणून दूध चालू ठेवून त्याच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावयाचे असते आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे द्यावयाचे असते.

आपल्याकडील उष्टावणाचा संस्कार या ज्ञानाच्या फारसा दूर नाही. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. मुलाला सम महिन्यात व मुलीला विषम महिन्यात उष्टवावे, बहुधा मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट चाटवावे, ही रूढी बहुतेक घरांत परिचित आहे. तिच्यात अडचण एवढीच की मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात उरकले तर ते लवकर होते आणि मुहूर्तासाठी मुलाचे आठव्या-दहाव्या महिन्यापर्यंत लांबले तर नुकसान होते. ऊसतोडीच्या घरांत तिसरीच अडचण येते. चैत्र-वैशाखात जन्मलेले मूल नेमके गाव सोडण्याच्या वेळी सहा महिन्यांचे होते. ज्येष्ठ-आषाढात जन्मलेल्याचा सहावा महिना फडावर भरतो, जेथे ना मामा ना मुहूर्त. अशा मुलाचे वरचे अन्न कधी सुरू झाले हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

तथापि उष्टावण वेळेवर झाले म्हणजे काम झाले असे नाही. पुढचे दीड वर्ष खरे कसोटीचे असते, आणि त्यातील सर्वांत मोठी चूक पातळपणाची असते. ‘लेकराला वरणाचे पाणी देतो’, ‘भाताची पेज पाजतो’ असे घरोघर मोठ्या समाधानाने सांगितले जाते. लहान पोटाला हलके अन्न हवे ही त्यामागील भावना चांगली आहे. पण डाळीतील सत्त्व डाळीत राहते. वर निवळलेल्या पाण्यात त्याचा अल्प अंश येतो.

हा प्रश्न गणिताचा आहे व तो चौथीच्या वर्गालाही सोडविता येईल. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ उष्मांक असतात. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम पीठ अर्धा लिटर पाण्यात शिजवले तर त्या सबंध पातेल्यात ६७ उष्मांक आले, म्हणजे १०० ग्रॅम पेजेत अवघे तेरा. आईच्या १०० मिलिलिटर दुधात पासष्टच्या आसपास असतात. मुलाच्या जठरात त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावते. सात किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमच राहील. तेवढी पेज पाजून सत्तावीस-अठ्ठावीस उष्मांक पोटात गेले, पोट मात्र भरले आणि मूल दुधाकडून तोंड फिरवू लागले. मुलाचे पोट भरलेले असूनही ते उपाशी राहते ते असे. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष पुरे झाल्यावर ५५० उष्मांक लागतात. हा भार पेजेला पेलणारा नाही.

उलट, धान्य व डाळ मिळून भाजून दळलेले ४० ग्रॅम पीठ वाटीभर पाण्यात दाटसर शिजवले आणि वर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप घातले तर त्याच पोटात एका वेळी दोनशेच्या जवळपास उष्मांक जातात. एका लहान चमचाभर तेलातच ४५ असतात. दाटपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा केला असता अन्न सावकाश घसरावे, धार लागू नये. धार लागली तर ते पिण्याचे झाले, खाण्याचे राहिले नाही. या अन्नाला मराठीत ‘खिमट’ हा जुना व नेमका शब्द आहे. डब्यातील विकतच्या भुकट्यांनी तो विस्मृतीत ढकलला, हे बरे झाले नाही.

यासाठी महाग पदार्थ लागतात असाही एक समज आहे. १९५० व १९६० च्या दशकांत जगभर असेच मानले जात असे की गरीब देशांतील मुलांची उपासमार ही मुख्यतः प्रथिनांची उपासमार आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की धान्य व डाळीचे नेहमीचे जेवण पुरेसे पोटात गेले तर बहुतेकांना प्रथिनेही पुरेशी मिळतात. उणीव प्रथम एकूण अन्नाची असते. तान्ह्या मुलाच्या वाटीला हे पुरतेपणी लागू आहे, फक्त लोहासाठी व इतर सूक्ष्म द्रव्यांसाठी त्या वाटीत पालेभाजी, फळ आणि ज्या घरी चालते तेथे अंडे यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेले एक प्रसिद्ध मिश्रण पाहावे: गहू ४०, हरभराडाळ १६, शेंगदाणे १० व गूळ २० ग्रॅम, मिळून सुमारे ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिने. गव्हाऐवजी भाजलेली ज्वारी चालते. गोडाची सवय लागू नये म्हणून गूळ कमी करावा किंवा गाळावा व तेल घालून ती भर काढावी. कोपीत तराजू नसतो. तेथे चार वाट्या धान्य, दीड वाटी डाळ, एक वाटी शेंगदाणे हे माप पुरे. बालाघाटाच्या डोंगरात आश्विन-कार्तिकात सीताफळ पिकते. बिया काढलेला गर हे मुलाला कुस्करून देण्याचे उत्तम फळ होय. एकही बी राहता कामा नये.

आता भरवण्याविषयी. पूर्वी घरोघर बोंडले असे. आता वाटी-चमचा आहे व तो अधिक चांगला, कारण तो आतून-बाहेरून घासता येतो. बाटली मात्र नको. तिच्या बुचाच्या सांदीत दूध राहते, आंबते आणि हगवणीला कारण होते. बाटल्यांची व दोन वर्षांच्या आतील मुलांसाठीच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने व त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने मनाई केलेली आहे, ती उगीच नव्हे. मूल मांडीवर ताठ बसलेले असावे. आडवे करून तोंडात ओतल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि मूल तोंड उघडीपर्यंत थांबावे. पहिल्या दिवसांत मूल जिभेने घास बाहेर ढकलते. ‘त्याला आवडत नाही’ असा अर्थ लावून आया ते अन्न सोडून देतात. वस्तुतः चोखण्याची जिभेची सवय अद्याप गेलेली नसते, एवढेच. तोच घास आठ-दहा दिवस पुनःपुन्हा द्यावा. मान फिरवली, तोंड मिटले, तर पोट भरले असे समजावे. नाक दाबून किंवा हात धरून भरवणे हा भरवण्याचा प्रकारच नव्हे.

सुरुवातीस दोन-तीन चमचे गुळगुळीत लगदा, दिवसातून दोनदा. आठवा महिना भरेपर्यंत अर्धी वाटी, दोन-तीनदा. त्यानंतर लगदा लगदाच ठेवू नये. नवव्या महिन्यापासून कुस्करलेली भाकरी वरणात भिजवून, मऊ भात, उकडून चिरडलेली भाजी असे दाणेदार अन्न तीन-चारदा यावे. फार दिवस गुळगुळीत अन्नावर राहिलेले मूल पुढे चावण्याचा कंटाळा करते. वर्षाच्या मुलाने घरातलेच अन्न, तिखट वेगळे काढून, पाऊण ते पूर्ण वाटी खावे. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खा हरभरा हे तीन-चार वर्षांपर्यंत हातात देऊ नयेत. ते घशात अडकतात. मध वर्षाच्या आत चाटवू नये. आणि चहात बुडवलेले बिस्कीट, जे फडावर सर्वांत सोपे म्हणून मुलाच्या हाती सर्वांत आधी येते, त्यात साखर व मैदा यापलीकडे फारसे काही नसते, शिवाय चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

फडावरचा दिवस मात्र या वेळापत्रकाला जुमानत नाही. पहाटे अंधारात चूल पेटते, भाकरी होतात आणि माणसे निघतात. पहाटे शिजवलेले खिमट दुपारी बारा वाजता, माशा व उन्हात राहिल्यावर, मुलाला भरवणे हे धोक्याचे आहे; हगवणीत आठवड्याभराचे खाल्लेले निघून जाते. यावर उपाय शिजवलेले अन्न नेण्याचा नसून भाजलेले पीठ नेण्याचा आहे. ज्वारी, डाळ व शेंगदाणे खमंग भाजून बारीक दळलेले हे पीठ उकळून झाकलेल्या पाण्यात ऐनवेळी कालवता येते. चूल लागत नाही. दहा वर्षांची मुलगी ते करू शकते. तिला करून दाखवावे मात्र लागते. हात साबणाने धुणे, वाटी-चमचा धुऊन पालथा घालणे, तीन चमचे पिठाला किती पाणी, धार लागते की नाही हे पाहणे, उरलेले पुन्हा न देणे: एवढा पाठ परिसर अभ्यासाच्या एका तासात होतो, आणि मापाचा भाग गणितात. मुलगे बाजूला बसवून हा पाठ फक्त मुलींना देऊ नये. कोपीत भाऊही असतो.

मोड आणून वाळवून दळलेले पीठ थोडेसे मिसळले तर घट्ट खिमट पाणी न वाढवताच मऊ व सैल होते, कारण मोडात स्टार्च फोडणारे द्रव्य तयार झालेले असते. येथे एक सावधगिरी या जिल्ह्याने विशेष बाळगावी. मोड गव्हाला, मुगाला, नाचणीला आणावेत. ज्वारीला आणू नयेत. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. ज्वारीच्या कोंबात तेच विष उत्पन्न होते.

एक पेच उरतो व तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. थोरल्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह असते, आजीपाशी तिला ठेवण्याचा आग्रह शिक्षक धरतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ती मागे राहिली की फडावरचे तान्हे मूल सहा वर्षांच्या भावाकडे जाते, नाहीतर एकटे राहते. आईला हे ठाऊक असते, म्हणूनच ती मुलीला सोडावयास तयार होत नाही. तिला अडाणी समजून केलेला उपदेश वाया जातो. ‘मुलगी येथे राहील, मग बाळाला कोण भरवील?’ हा तिचा प्रश्न शिक्षकाने स्वतःच आधी विचारला तर बोलणे पुढे सरकते. टोळीतील एखादी वयस्क बाई चार-पाच कोपींतील लेकरांपाशी थांबू शकते का, तिची मजुरी बाकीच्या कोयत्यांनी वाटून द्यावी का, हे मुकादमासमक्ष निघण्यापूर्वी ठरावे. शिकलेली नसलेली बाई हे काम जबाबदारीने करील का, ही शंका आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडने केव्हाच निकालात काढली आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यांतील, बहुतांश निरक्षर स्त्रियांनीच बाळंतपण व बालसंगोपनाची कामे हाती घेतली, आणि १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मिळणाऱ्या घरपोच आहाराचा हक्क २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला आहे. २०१३ च्या मूळ कायद्यात त्याचे प्रमाण दिवसाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे होते. गाव सोडले म्हणून तो हक्क सुटत नाही. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद अंगणवाडीसेविकेकडून करून घेतली तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीत मुलाचे नाव लागू शकते. ही आठवण देण्यास दसऱ्यापूर्वीची पालकसभा योग्य. दिवाळीनंतरच्या सभेला ज्यांनी यावे ते गावात नसतात.

त्या सभेत पिठाचा हिशेबही सांगावा. एका मुलाला रोज ७० ग्रॅम धरले तर महिन्याला दोन किलोंहून थोडे अधिक लागते. मात्र पाच महिन्यांचे पीठ एकदम दळून नेऊ नये. दाण्याचे कूट महिन्याभरात खवट होऊ लागते. ज्वारी व डाळ भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी, शेंगा न फोडता न्याव्यात, आणि दर पंधरवड्याला, पगाराच्या व बाजाराच्या दिवशी, लागेल तेवढे दळून आणावे.