ई-शिक्षणाचे दार अंध विद्यार्थ्यांसाठी कधी उघडणार?

काही महिन्यांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहात आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यान संपले, मुली पांगल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र एक मुलगी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसून राहिली होती. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. जन्मापासून अंध. आईवडील ऊसतोडीला जातात. महाविद्यालयाने सक्तीचा केलेला, एका खासगी कंपनीने बनवलेला ऑनलाइन अभ्यासक्रम ती पूर्ण करीत होती. पूर्ण कसला करते, त्याच्याशी झगडत होती! आम्ही तिचा हेडफोन मागून घेतला आणि ऐकले. आतून यंत्राचा आवाज येत होता, "ग्राफिक. बटन. बटन. ग्राफिक. बटन." कुठले बटन? कशाचे चित्र? काहीच कळेना. शेजारच्या मैत्रिणीने प्रश्न वाचून दाखवला. डावीकडचे शब्द माऊसने उचला आणि उजवीकडच्या योग्य चित्रावर नेऊन ठेवा! ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, उत्तर मला येतंय. पण ते ठेवायचं कुठं, हे कुणी सांगतच नाही."

शेवटी मैत्रिणीने माऊस हलवला आणि हिचे गुण हिला मिळाले. मैत्रीण नसती तर? उत्तर येणारी विद्यार्थिनी नापास झाली असती आणि तिला नापास करणारी व्यवस्था 'डिजिटल क्रांती'चे ढोल वाजवीत राहिली असती. हा प्रश्न दयेचा नाही. शिक्षणाच्या हक्काचा आहे. म्हणूनच आज त्यावर लिहिणे आम्हाला भाग पडले आहे.

डोळस वाचकांना हा प्रकार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. अंध माणूस संगणक आणि मोबाईल वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर ही प्रणाली बोलून दाखवते. माऊसची गरज नसते. संगणकावरचे सगळे काम कीबोर्डवर चालते. टॅब दाबला की पुढचे बटन किंवा लिंक, एच दाबला की पुढचे शीर्षक, एंटर दाबला की बटन चालू. सरावलेले विद्यार्थी इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला त्यातला शब्दही कळत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्क्रीन रीडर पडद्याचे रंगरूप पाहून काम करीत नाही. पानाच्या पाठीमागे जी रचना आणि जी नावे लिहिलेली असतात, ती तो वाचतो. बटनाला 'पुढे जा' असे नाव दिलेले असेल तर तो 'पुढे जा, बटन' म्हणतो. नाव दिलेलेच नसेल तर नुसतेच 'बटन' म्हणतो. म्हणजे दोष त्या मुलीच्या डोळ्यांचा नाही आणि स्क्रीन रीडरचाही नाही. बटनाला नाव न देणाऱ्याचा तो दोष आहे!

साधा लिहिलेला धडा स्क्रीन रीडर सहज वाचतो. घोळ होतो तो 'संवादी' म्हणवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात. शब्द ओढून जोड्या लावा, चित्रावर योग्य जागी क्लिक करा, पान उलटा, चक्र फिरवा, असे खेळ त्यात असतात. हे सगळे फक्त माऊससाठी किंवा बोटासाठी बनवलेले असते. उत्तर बरोबर आले की चौकट हिरवी होते, चुकले की लाल होते. पण आवाजात काहीच सांगितले जात नाही. मध्येच सूचनेची एक खिडकी उघडते, स्क्रीन रीडरला तिचा पत्ताच नसतो आणि तो मागचेच पान वाचत बसतो. कधी कीबोर्ड एखाद्या व्हिडिओत असा अडकतो की बाहेरच पडता येत नाही. व्हिडिओतले गुरुजी म्हणतात, "इथे पाहा, हा आकडा किती वाढला!" कुठे पाहा? कुठला आकडा? आणि या सगळ्यावर डोक्याशी घड्याळ टिकटिकत असते. लेखी परीक्षेत लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१३ आणि २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले होते. मग ऑनलाइन चाचणीच्या घड्याळाला हा न्याय का लागू नाही?

यावर ठरलेले उत्तर मिळते. म्हणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, खर्चिक आहे. आम्ही म्हणतो, ही निव्वळ सबब आहे. उपाय पाहा म्हणजे कळेल. जोड्या लावायच्या असतील तर प्रत्येक शब्दापुढे पर्यायांची यादी द्या, विद्यार्थी कीबोर्डने निवडेल. प्रश्न तोच, कस तोच, फक्त माऊसची सक्ती गेली. रंगाबरोबर 'बरोबर' किंवा 'चूक' हा शब्दही लिहा आणि तो आपोआप वाचला जाईल अशी सोय करा. खिडकी उघडली की कीबोर्डचा ताबा तिच्यात जावा, बंद झाली की जिथे होता तिथे परत यावा. प्रत्येक बटनाला नाव द्या. चित्राला वर्णन द्या, पण 'नकाशा' एवढे लिहून मोकळे होऊ नका. त्या नकाशातून काय शिकवायचे आहे ते लिहा. व्हिडिओत जे दाखवता ते तोंडानेही बोला. वेळ वाढवून मिळण्याची सोय ठेवा. यातले काय अवघड आहे? अभ्यासक्रम बनवण्याच्या आजच्या प्रचलित साधनांत वर्णन लिहिण्याची आणि वाचनाचा क्रम लावण्याची सोय असते. त्या जागा रिकाम्या सोडल्या जातात, एवढेच.

शिवाय हे नियम काल-परवाचे नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने संकेतस्थळांच्या सुलभतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ साली प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती २००८ साली आली आणि तिची २.२ ही सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. माऊसचे काम कीबोर्डनेही झाले पाहिजे, ही त्यातली पायाभूत अट आहे. ओढून नेण्याच्या कृतीला साधा पर्याय असावा, हेही २०२३ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे. खर्चाचे म्हणाल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी तो उभा केला. महागडे स्क्रीन रीडर गरिबांना परवडत नाहीत, हे ओळखून २००६ साली करन यांनी त्याची सुरुवात केली होती. ज्यांना व्यवस्था 'बिचारे' म्हणते त्यांनी जगाला साधन दिले, आणि ज्यांच्याकडे पैसा व मनुष्यबळ आहे त्यांना बटनाला नाव देणे अवघड जाते!

खर्च वाढतो तो नंतर दुरुस्ती करताना. इमारत बांधतानाच उतार ठेवला तर त्याचा वेगळा खर्च जाणवत नाही. जिना बांधून झाल्यावर तो फोडायचा म्हटला की तक्रार सुरू होते. ई-अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. अंध विद्यार्थ्याला वगळण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी, आराखडा काढतानाच, न बोलता घेतलेला असतो.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा त्याने राखून ठेवल्या. इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे त्याचे कलम ४२ सांगते. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुलभतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले.

कागद भक्कम आहे. पण कागदाने तहान भागते काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात बोले ठराव झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, तेही कागदावर. तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आणि हजारो माणसे पायऱ्या उतरली तेव्हा! ठराव आणि ओंजळ यांच्यातले हे अंतर ज्या समाजाने भोगले आहे, त्याला त्या वसतिगृहातल्या मुलीचे दुःख सर्वांत आधी कळले पाहिजे.

कुणी म्हणेल, हा अंधांच्या संघटनांचा प्रश्न आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, त्यातल्या ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींमध्ये तेच २.४५ टक्के! गरिबी, कुपोषण, वेळेवर न मिळालेला औषधोपचार हे सारे शरीरावरही लिहिले जाते. आमच्या वस्तीतल्या अंध मुलासमोर म्हणूनच एक नव्हे, दोन भिंती उभ्या असतात. श्रीमंताघरचा अंध मुलगा वाचून दाखवणारा माणूस पगारावर ठेवील. ऊसतोड कामगाराच्या मुलीने काय करायचे?

आणि ई-शिक्षण आता ऐच्छिक राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. नोकरीचे प्रशिक्षण, कौशल्य अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या, सारे काही पडद्यावर आले आहे. हा पडदा बोलका झाला नाही, तर राखीव जागेवर प्रवेश मिळूनही अंध विद्यार्थी वर्गाबाहेरच राहील. 'दिव्यांग' म्हणून गौरव झाला काय आणि न झाला काय! गोड नावाने हक्क मिळत नसतात, हा तर आपला जुनाच अनुभव आहे.

बोट दुसऱ्याकडे दाखवताना थोडे स्वतःकडेही पाहू या. जयंतीचे निमंत्रण आम्ही चित्राच्या रूपात मोबाईलवर पाठवतो, खाली दोन ओळी टाईप करीत नाही. चळवळीची जुनी पुस्तके स्कॅन करून पीडीएफ फिरवतो. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान म्हणजे नुसता फोटो. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती तशीच बडबडतो. युनिकोडमध्ये टाईप केले तरच त्याला मराठी कळते. आमच्या मोफत शिकवणी वर्गांच्या ऑनलाइन चाचण्या तरी एखाद्या अंध विद्यार्थ्याने सोडवून पाहिल्या आहेत काय? 'शिका' हा आदेश सर्वांसाठी होता. त्यात डोळे असलेल्यांनीच शिकावे अशी अट नव्हती.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक ई-अभ्यासक्रमाच्या निविदेत सुलभतेची अट असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय बिल निघू नये. तपासणी केवळ यंत्राकडून नको. स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या अंध व्यक्तींकडून ती करून घ्यावी आणि त्यांना तिचे मानधन द्यावे. ज्यांच्यासाठी दार उघडायचे त्यांनाच विचारले नाही, तर कडी कुठे अडकली हे कळणार कसे? महाविद्यालयांनी असुलभ अभ्यासक्रम सक्तीचा करू नये. सोय होईपर्यंत तोच विषय त्या विद्यार्थ्याला सुलभ स्वरूपात शिकवावा आणि गुण पूर्ण द्यावेत. याउपर दाद मिळाली नाही तर अधिनियमाखालील राज्य आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. ती तरतूद आहे हे किती प्राचार्यांना ठाऊक आहे?

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकजण शिक्षक आहात, कार्यकर्ते आहात, संगणक क्षेत्रात नोकरी करणारेही आहात. आपल्या संस्थेचा एखादा ई-अभ्यासक्रम या आठवड्यात उघडा. स्क्रीन रीडर चालू करा, माऊस बाजूला ठेवा, पडदा बंद करा आणि पहिली चाचणी सोडवून पाहा. जिथे अडाल ती जागा वहीत लिहा आणि ती वही घेऊन प्राचार्यांकडे, संस्थाचालकांकडे जा. शक्य असेल तर त्या महाविद्यालयातल्या अंध विद्यार्थ्याला सोबत घेऊन जा आणि बोलणे त्याला करू द्या.

जयभीम!