गुण कुणाचा?

2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये माझ्या पुढे विशीतला एक मुलगा होता. काउंटरला लावलेल्या प्लास्टिकला त्यानं मोबाइल टेकवला. स्क्रीनवर कुणा डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो. पेशंटचं नाव खोडलेलं, आणि इतक्या जणांकडून फिरून आलेला की अक्षरं फिसकटलेली. आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक, व्हिटॅमिन सी आणि सगळ्यात शेवटी एक स्टेरॉइड. "पेशंट कोण?" मेडिकलवाल्यानं विचारलं. "आईला कालपासून कणकण आहे. रिपोर्ट यायचाय. तोवर सुरू केलेलं बरं."

'सुरू केलेलं बरं.' त्या महिनाभरात हे मी किती जणांकडून ऐकलं त्याला गणती नाही. त्यामागे अडाणीपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही. रिपोर्टला तीन-चार दिवस, बेडसाठी केलेले फोन कुणी उचलत नव्हतं, फॅमिली डॉक्टर स्वतःच क्वारंटाइन. अशा वेळी आईच्या कपाळावर हात ठेवून नुसतं बसून राहणं कुणाला जमेल? गोळीची स्ट्रिप हातात आली की निदान आपण काहीतरी करतोय, एवढा धीर येतो.

त्यात तेव्हा सरकारच गोळी देऊ लागलं होतं. गोव्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सोमवारी, 10 मे 2021 रोजी, लागण असो वा नसो, 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी पाच दिवस 12 मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगोलग आठवण करून दिली की चाचण्यांखेरीज करोनासाठी हे औषध वापरू नये. ते बनवणाऱ्या मर्क कंपनीनंही फेब्रुवारीतच हात वर केले होते. पण केंद्राच्या एप्रिलमधल्या उपचार-सूचनांत सौम्य रुग्णांना 'देता येईल' म्हणून ते होतंच. मग त्या मुलाला कुठल्या तोंडानं दोष द्यायचा?

औषध वाईट नाही. परजीवी कृमींवर ते इतकं गुणकारी की ते शोधणाऱ्यांना 2015 साली नोबेल मिळालं. एप्रिल 2020 मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकलं, तेव्हा 48 तासांत विषाणूचा जवळपास मागमूस उरला नाही. जगभर पोचलं ते एवढंच. पेशींना दिली तेवढी तीव्रता माणसाच्या रक्तात आणायची तर नेहमीच्या डोसाच्या कितीतरी पट औषध घ्यावं लागेल, हे मागेच राहिलं. कोलंबियात सुमारे 400 सौम्य रुग्णांवर झालेली चाचणी मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. खरं औषध घेणारे आणि औषध नसलेलं औषध घेणारे, दोघांना बरं व्हायला लागलेल्या दिवसांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्हणजे औषध न घेतलेलेही बरे झाले. सगळी गोम इथे आहे. आपण म्हणतो, 'त्यांच्या औषधानं गुण आला.' करोना बहुतेकांना सौम्यच होतो आणि आठ-दहा दिवसांत शरीर आपलं आपण सावरतं. त्या दिवसांत जे पोटात गेलं असेल, गुण त्याच्या नावावर जमा होतो. कुणी काढ्याच्या नावावर लावतं, कुणी आर्सेनिकम अल्बमच्या. ही होमिओपॅथीची गोळी आयुष मंत्रालयानं 29 जानेवारी 2020 ला, देशात पहिला रुग्ण सापडायच्या आदल्याच दिवशी, प्रतिबंधासाठी सुचवली होती. आणि ज्यांना गुण आला नाही, ते आता सांगायला येत नाहीत.

डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. 1918 च्या इन्फ्लूएंझात ॲस्पिरिनचे दिवसाला 8 ते 31 ग्रॅम एवढे डोस सुचवले जात. आजच्या हिशेबानं ही विषबाधाच. त्या साथीतले काही मृत्यू ॲस्पिरिनमुळे झाले असावेत, असं डॉ. कॅरेन स्टार्को यांनी 2009 मध्ये मांडलं.

माझा जीव खरा अडकला होता तो त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं, तर ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं कमी केले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही, उलट अपायाचीच शंका आली. आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीराची जी फौज विषाणूशी लढते, तिलाच स्टेरॉइड आवरतं. वर साखर भडकवतं. त्या दिवसांत ज्या म्युकरमायकोसिसनं रुग्णांचे डोळे काढावे लागत होते, त्या बुरशीला चढलेली साखर आणि स्टेरॉइड हे दोन्ही फावतात.

"आईला शुगर आहे?" मेडिकलवाल्यानं मान वर न करता विचारलं.

"आहे. दहा वर्षं."

"मग ही शेवटची मी देणार नाही. डॉक्टरला फोनवर तरी गाठ."

"तीच तर मेन आहे म्हणे," मुलगा म्हणाला. मला राहवलं नाही, मी मध्ये बोलले. घरात ऑक्सिमीटर आहे का, विचारलं. शेजाऱ्यांकडे होता. आईला घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लाव, आधी आणि नंतर आकडा बघ, 94 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरला तर घरी थांबू नकोस, असं सांगितलं. त्यानं ते बिलाच्या मागे लिहून घेतलं.

स्टेरॉइड त्यानं सोडलं, आयव्हरमेक्टिन सोडलं नाही. त्याची आई बहुधा बरी झालीच असेल. मग त्यानं हाच फोटो आणखी कुणाला तरी पाठवला असेल, 'आईला याच्यानंच गुण आला' म्हणून. त्यातली शेवटची ओळ मात्र तशीच असेल.