पुसट अक्षरांना बोलतं करणारा उजेड

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात हेन्रिकस मार्टेलसने १४९१च्या सुमारास काढलेला जगाचा भलामोठा नकाशा आहे. त्यावरची अक्षरं पार विटली होती. २०१४मध्ये अभ्यासकांनी अतिनील ते अवरक्त अशा १२ तरंगलांबींच्या प्रकाशात त्याची छायाचित्रं घेतली. प्रत्येक रंगद्रव्य वेगळ्या उजेडात उठून दिसतं. एका शब्दाला लागू पडलेली मात्रा शेजारच्याला चालत नाही. मोठं चिकाटीचं काम! मग नकाशावरच्या उत्तर आशियात मजकूर उमटला: इथल्या माणसांचे कान इतके मोठे, की अंथरूण म्हणून वापरावेत. येलने ही छायाचित्रं सर्वांसाठी ऑनलाइन खुली केली, हे मला वाचनाइतकंच मोलाचं वाटतं. घरबसल्या कुणीही ती न्याहाळावीत.