नलचंपू

संस्कृतातील उपलब्ध चंपूकाव्यांपैकी सर्वांत प्राचीन काव्य. ‘दमयंतीकथा’ हे त्याचे दुसरे नाव. कर्ता त्रिविक्रमभट्ट. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या नवसारी (बगुम्रा) ताम्रपटांतील (शके ८३६, इ. स. ९१५) प्रशस्तीचा रचनाकार म्हणून नेमादित्याचा पुत्र त्रिविक्रमभट्ट याचा निर्देश असल्याने काव्याचा काळ दहाव्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो.

गद्य व पद्य यांच्या मिश्रणाने सिद्ध होणारे काव्य म्हणजे चंपू. दंडीने काव्यादर्शात त्याचा उल्लेख केला असला, तरी त्याच्या काळातील एकही चंपू उपलब्ध नाही. हरिषेणाची समुद्रगुप्तप्रशस्ती (चौथे शतक) आणि आर्यशूराची जातकमाला यांत अशा मिश्र रचनेची पूर्वरूपे दिसतात. त्यांना बाणभट्टाच्या समासप्रचुर गद्याची जोड मिळून हा प्रकार प्रौढ झाला.

नलचंपूचे कथानक महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानावर आधारलेले आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. काव्याचे उच्छ्वास सात. देवांचा दूत झालेला नल दमयंतीस भेटतो, तेथेच काव्य थांबते. स्वयंवर येतच नाही. पित्याच्या अनुपस्थितीत सरस्वतीच्या वराने लाभलेली प्रतिभा, तो परतताच ओसरली, अशी याविषयीची आख्यायिका आहे. कथेच्या संथ गतीचे कारण मात्र काव्यातच दिसते. नगरे, ऋतू, अरण्ये यांची वर्णने आणि सभंग श्लेष (एकच अक्षरमालिका दोन प्रकारे तोडून साधलेले दोन अर्थ) यांतच कवी रमतो.

वर्णनवैभव आणि आशय यांतील हा ताण चीनमधील ‘फू’ या गद्यपद्यात्मक काव्यप्रकारातही आढळतो. हान काळात (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) सू-मा श्यांग-रू याने राजोद्यानांची विस्तृत वर्णने करून शेवटी संयमाचा उपदेश केला. वर्णनाच्या झगमगाटात उपदेश हरवतो, असा आक्षेप पुढे यांग श्युंग या फूकारानेच घेतला. त्रिविक्रमभट्टाला उपदेश अभिप्रेत नव्हता. त्याच्या काव्यात हरवली ती कथा.

पुढील चंपूकारांनी कथेचा व विचाराचा तोल अधिक सांभाळला. सोमदेवसूरीच्या यशस्तिलकात (९५९) जैन तत्त्वविचाराला, तर भोजाच्या चंपूरामायणात कथेला प्राधान्य आहे. नलचंपूचे महत्त्व प्रकाराच्या पायाभरणीत आहे. गद्याला श्लोकाच्या बरोबरीचे काव्यत्व देता येते, हे त्याने दाखविले आणि त्याचे मोलही.